आबांची दुनळी आणि तीन खिट्ट्या

खंडेनवमीला आमच्या एरंडोलच्या घरी देवघरासमोर पाटावर शस्त्रं मांडतात. शस्त्रं म्हणजे काय, तर एक म्यानात अडकून बसलेली तलवार, दोन विळे, कोयता, अलीकडे काकांच्या ट्रॅक्टरचा मोठा पाना, आणि या सगळ्यांच्या मधोमध आबांची दुनळी बंदूक. तिच्या दोन्ही घोड्यांना झेंडूचं एकेक फूल अडकवायचं, दस्त्यावर हळदकुंकू वाहायचं (ते नंतर पुसायचं काम माझ्याकडे, कारण दस्त्याच्या नक्षीत कुंकू अडकलं तर काका चिडतात). लहानपणी मला वाटायचं की घरात सगळ्यात मोठी वस्तू हीच. आबांच्या तोंडी तिचं एकच कौतुक असे, की "हिला तीन कुलपं आहेत. बाकीच्यांच्या बंदुकीला दोन."

या तीन कुलपांपायीच हा लेख लिहायला बसलो आहे.

झालं असं. आबा गेल्यावर परवाना काकांच्या नावावर झाला. बंदूक वर्षानुवर्षं कपाटातच असते. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची, एवढाच तिचा प्रवास. पद्मालयाच्या बाजूला आमचं थोडं रान आहे, तिथे मक्यात रानडुकरं शिरतात. डुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे काका वर्षाकाठी एखाद-दुसरा बार नुसता भेदरवायला काढायचे. गेल्या वर्षी असाच एक बार काढून ते घरी आले तेव्हा उजव्या गालावर काजळीचा पट्टा होता आणि डोळ्याखाली दोन बारीक लाल ठिपके. "दारू जुनी असेल," म्हणाले. काकूंनी खोबरेल लावलं. मी पुण्याहून दिवाळीला गेलो तेव्हा ही गोष्ट हसत हसत सांगितली गेली. मला काही हसू आलं नाही. मी व्यवसायाने यंत्रांचा माणूस. वाफ जिथून यायला नको तिथून आली तर पॅकिंग गेलं, हे कळायला बंदुकीची विद्या लागत नाही.

मधून मोडणारी बंदूक म्हणजे नेमकं काय ते आधी सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी ती सिनेमातल्या ठाकुराच्या हातातच पाहिलेली असते. दोन नळ्या शेजारी शेजारी जोडलेल्या. त्यांच्या बुडाखाली एक-दोन लोखंडी ठोकळे. पुढच्या ठोकळ्याला अर्धगोल आकडा, आणि तो आकडा दस्त्याकडच्या भागातल्या एका आडव्या जाड खिळीवर बसतो. ही झाली बिजागरी. नळ्या बंद केल्या की त्यांचं बूड एका उभ्या पोलादी भिंतीला टेकतं. त्या भिंतीच्या पाठीमागे घोडे, चाप वगैरे. वरची कळ अंगठ्याने उजवीकडे ढकलली की कुठेतरी आत एक खिट्टी सरकते, नळ्यांची तोंडं खाली झुकतात, बूड वर येतं आणि काडतूस घालायला जागा होते. म्हणजे बंदूक हे एक दार आहे आणि ती खिट्टी म्हणजे दाराची आगळ. आमच्या जुन्या वाड्याला भिंतीतून सरकत येणारी लाकडी आगळ होती. रात्री आजी आतून विचारायची, "कडी लागनी का?" आबा बंदूक बंद करतानाही हेच पुटपुटायचे.

आता या आगळीवर जोर किती येतो? बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ पावणेतीन चौरस सेंटिमीटरच्या आसपास. (बारा बोअर म्हणजे त्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड. मी बराच काळ बारा म्हणजे बारा मिलिमीटर समजत होतो, तुम्हीही समजत असाल तर लाजू नका.) आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला सहाशे किलोपर्यंत सहज जातो. गुणाकार केला की दीड टनाहून जास्त भरतो. खानदेशी हिशेबात सांगायचं तर १७० किलोच्या एका गाठीप्रमाणे कापसाच्या नऊ-साडेनऊ गाठी. एवढा धक्का सेकंदाच्या काही हजाराव्या भागात त्या उभ्या भिंतीवर बसतो, आणि त्या भिंतीमागे सहा-आठ इंचांवर माणसाचा गाल असतो.

पण हा सगळा भार खिट्टीवर येत नाही, आणि मला सगळ्यात मौज वाटली ती इथे. छर्रे पुढे जातात, भिंत मागे ढकलली जाते. नळ्या मात्र होत्या तिथेच राहू पाहतात. त्यांना आपल्याबरोबर मागे ओढून न्यायचं काम बिजागरीची खीळ करते. आता एसटी आठवा. तुम्ही उभे आहात आणि ड्रायव्हरने एकदम क्लच सोडला. पाय गाडीबरोबर पुढे जातात, धड मागेच राहतं, आणि तुम्ही कलंडता. कारण जोर पायाशी लागला आणि वजन वर आहे. बंदुकीतही तसंच. ओढ लागते ती खालच्या खिळीशी, नळ्यांचं वजन तिच्या वर. म्हणून नळ्या कलंडू पाहतात, तोंड खाली, बूड वर. बूड वर आलं की दार उघडलं. खिट्टी म्हणजे एसटीत वर धरायचा दांडा. तिने फक्त हे कलंडणं थोपवायचं. मुख्य ओढ बिजागरीने सोसायची, आणि भिंत व तिच्या पायातल्या आडव्या पाटाचा काटकोन फाकू पाहतो त्याचा ताण पोलादाने सोसायचा. तो कोपरा म्हणूनच कारागीर धारदार ठेवत नाहीत, किंचित गोलाई देतात. तडा गेला तर तिथे जातो.

हे सगळं माणसाला एका दिवसात सुचलेलं नाही.

आमच्या भागात बंदूक म्हटली की आधी आठवतो तो धरणगावचा जेम्स औट्रम. एरंडोलहून धरणगाव म्हणजे हाकेच्या अंतरावर. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला, भिल्लांचे उठाव काही थांबेनात, तेव्हा १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभारायचं काम या बावीस वर्षांच्या पोराकडे आलं. पलटणीचं ठाणं धरणगाव. पुढे १८५७ मध्ये लखनौला गाजलेला औट्रम तो हाच. खानदेशात असताना त्याने वाघांचा अक्षरशः सपाटा लावला, पुढच्या दहा वर्षांतला त्याचा आकडा दोनशेच्या आसपास सांगतात. आज तो वाचून अंगावर काटा येतो, तेव्हा ती मर्दुमकी होती. माझा मुद्दा वेगळा आहे. या सगळ्या काळात बंदूक ठासणीची होती. तोंडातून दारू ओतायची, बोळा घालायचा, गजाने ठासायचं, मग गोळी, पुन्हा बोळा. एक बार चुकला आणि वाघ अंगावर आला तर ठासत बसायला वेळ कुठला? दुनळीत तर आणखी एक भानगड. गडबडीत एकाच नळीत दोनदा दारू ठासली जायची आणि नळी फुटायची. मागून भरता येणारी बंदूक प्रत्येकाला हवी होती, पण मागचं दार पक्कं कसं ठेवायचं हे कुणाला नीट जमत नव्हतं.

पॅरिसच्या कासिमीर लफोशोने १८३०च्या दशकात मधून मोडणारी बंदूक आणि तिच्यासाठीचं काडतूस व्यवहारात आणलं. १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ती इंग्रज कारागिरांनी पाहिली आणि बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. मधून तोडलेली बंदूक ती कसली बंदूक? विल्यम ग्रीनर हा बर्मिंगहॅमचा नावाजलेला बंदूककार. त्याने १८५८च्या आपल्या ग्रंथात या मोडत्या बंदुकींना नाव ठेवायचं काही बाकी ठेवलं नाही. गंमत अशी की त्याच्याच मुलाला, डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरला, पुढचा काळ याच बंदुकीचा आहे असं वाटत होतं. बापलेकांचं जमलं नाही, लेकाने वेगळं दुकान थाटलं. आपल्याकडे वाटण्या शेतावरून होतात, त्यांच्याकडे खिट्टीवरून झाली म्हणायची.

म्हाताऱ्या ग्रीनरचं अगदीच चुकत नव्हतं हेही सांगायला हवं. लफोशोच्या बंदुकीत आगळ एकाच खाचेत अडकायची, तीही बिजागरीच्या फार जवळ. दाराची कडी बिजागरीशेजारी लावली तर दार हलणारच. १८५९ मध्ये बर्मिंगहॅमच्या हेन्री जोन्सने यावर उतारा काढला. चापाच्या कड्याखाली एक लांब दांडी, ती फिरवली की स्क्रूसारखा आटा असलेला गट्टू ठोकळ्याच्या दोन बाजूंच्या खाचांत शिरून नळ्या खाली आवळून धरतो. मजबुती अशी की हत्तीवरून वाघ मारणारे साहेब पुढे कित्येक वर्षं याच दांडीच्या भारी दुनळी रायफली वापरत राहिले. बिचाऱ्या जोन्सच्या पेटंटची पुढची फी भरली गेली नाही, पेटंट बुडालं, आणि ही युक्ती सगळ्यांनी फुकट उचलली. तिच्यात उणीव एवढीच, की बंद करताना दांडी हाताने फिरवून परत आणावी लागे. कुणी घाईत अर्धीच फिरवली तर?

ती उणीव लंडनच्या जेम्स पर्डीने १८६३ मध्ये भरून काढली. त्याने पाटाच्या आत एक चपटी पोलादी पट्टी ठेवली, मागून स्प्रिंग. नळ्यांखालच्या दोन ठोकळ्यांना मागच्या बाजूने एकेक खाच. नळ्या बंद केल्या की ठोकळे पट्टीला मागे सारत खाली उतरतात आणि खाच समोर आली रे आली की पट्टी आपोआप 'खट्' करून दोन्ही खाचांत शिरते. हाताने काही करायला नको. दोन वर्षांनी, १८६५ मध्ये, बर्मिंगहॅमच्या विल्यम मिडलडिच स्कॉटने वरच्या अंगठ्याच्या कळीपासून एक उभा दांडा आत सोडून तो या पट्टीला जोडला. संपलं. आज जगात शेजारी शेजारी नळ्यांची जी दुनळी तुम्ही उचलाल, तिच्यात बहुधा पर्डीची पट्टी आणि स्कॉटचा दांडा निघेल. पर्डीचं पेटंट १८७७ साली संपलं आणि मग तर रानच मोकळं झालं.

या पट्टीची एक खुबी मला फार आवडली. तिचं टोक किंचित पाचरीसारखं निमुळतं असतं. घासून झिजली की स्प्रिंग तिला थोडी आणखी पुढे ढकलते, म्हणजे झीज आपोआप भरून निघते. नव्या बंदुकीत म्हणूनच वरची कळ बंद असताना जराशी उजवीकडे ठेवलेली असते. वापराने ती हळूहळू मध्यावर येते, आणि मध्य ओलांडून डावीकडे गेली की समजावं, पाचर संपत आली. घड्याळच म्हणा ना. सिनेमात एका हाताने झटका देऊन बंदूक बंद करतात ना, त्या प्रत्येक झटक्याने हे घड्याळ पुढे पळतं.

आता तिसरं कुलूप. धाकट्या ग्रीनरला खालच्या दोन खाचा पुरेशा वाटल्या नाहीत. त्याने नळ्यांच्या मधल्या पट्टीचं एक शेपूट मागे काढून भिंतीच्या माथ्यात बसवलं, त्याला आरपार भोक पाडलं आणि त्या भोकातून एक गोल आडवी खिट्टी नेली. १८६५च्या सुमाराची ही युक्ती. १८७३ मध्ये तिला खालच्या दोन खाचांची जोड देऊन त्याने तिपदरी बंदोबस्त केला. हिशेब बरोबर होता. बिजागरीपासून जितक्या लांब आणि जितक्या वर धराल तितका दांडा भक्कम. जर्मन कारागिरांना ती इतकी आवडली की त्यांच्या बंदुकींवर ही आडवी खिट्टी सर्रास दिसू लागली. लंडनवाले मात्र म्हणत, खालची पट्टी नीट बसवली असेल तर वरच्या खिट्टीला कामच उरत नाही, आणि नीट बसवली नसेल तर वरची एकटी काय करणार? मला विचाराल तर दोघंही बरोबर. कारण तीनही खिट्ट्या एकाच वेळी, केसाइतकाही फरक न राहता टेकवणं हे महाकठीण काम. त्याला हात लागतो आणि हाताला पैसे लागतात.

आणि इथून मी परत आबांच्या बंदुकीवर येतो.

दिवाळीनंतर काकांना कसंबसं तयार केलं, परवाना-कागद बरोबर घेतले आणि आम्ही मोठ्या शहरातल्या एका परवानाधारक दुकानात गेलो. तिथले मिस्त्री सत्तरीचे. त्यांनी आधी नळ्यांखालचा लाकडी हातगा काढून बाजूला ठेवला. काका म्हणाले, "तो कशाला काढता?" मिस्त्री म्हणाले, "पाटील, याची स्प्रिंग नळ्यांना मागे दाबून धरते. हा असला की ढिली बंदूकपण घट्ट वाटते." मग दस्त्याचं मनगट धरून कानाजवळ हलवली. आत खुळखुळ. अगदी स्पष्ट, चिल्लर वाजावी तशी. मग नळ्या उजेडाकडे धरल्या. बूड आणि भिंत यांच्यामध्ये उजेडाची बारीक रेघ. मग बिडीच्या पुडक्याचा पातळ कागद त्या फटीत घालून नळ्या बंद केल्या आणि ओढला. सुळकन निघून आला. (एरंडोल एकेकाळी हातकागदासाठी प्रसिद्ध होतं, गॅझेटियरमध्येसुद्धा त्याचा उल्लेख आहे. तो जाडाभरडा कागद घातला असता तरी निघाला असता असं मला तेव्हा वाटलं.)

"आधी कुणीतरी ठोकून घट्ट केलेली आहे," मिस्त्री म्हणाले. आकड्याच्या कडेला हातोडीच्या बारीक खुणा होत्या. आकड्याचं पोलाद ठोकून पसरवलं की चार दिवस खुळखुळ थांबते, पुन्हा सुरू होते. खरी दुरुस्ती म्हणजे जाड नवी खीळ घालणं किंवा आकड्यात नवं पोलाद बसवून पुन्हा घासून जुळवणं.

मग त्यांनी ते तिसरं कुलूप पाहिलं. शेपटाच्या भोकाला काजळी फासली, बंदूक बंद केली, उघडली. खिट्टीवर काजळीचा डाग नाही. पुन्हा केलं. तसंच. आडवी खिट्टी भोकातून जात होती, पण भोकाला कुठेच टेकत नव्हती. झिजून नव्हे, भोकाच्या कडा आतून कोऱ्या होत्या. ती पहिल्यापासूनच टेकलेली नव्हती. नळ्यांखाली लंबगोलात ई.एल.जी. ही अक्षरं आणि वर मुकुट, म्हणजे बेल्जियमच्या लिएज गावच्या तपासणीचा शिक्का, १८९३ नंतरचा. लिएजमधून त्या काळी स्वस्त बंदुका जगभर जात. गिऱ्हाईक ग्रीनरची आडवी खिट्टी बघून खूश व्हायचं, म्हणून खिट्टी असायची. टेकली पाहिजे असं गिऱ्हाईक म्हणत नव्हतं.

आणखी एक खूण तिच्यावर नव्हती. धूर न होणाऱ्या दारूसाठी तपासलेल्या बेल्जियन नळ्यांवर सिंह आणि पी.व्ही. ही अक्षरं मारतात, १८९८ पासून. आबांच्या नळ्यांवर ती नाहीत. म्हणजे ही बंदूक काळ्या दारूसाठी बनलेली, आणि आम्ही तीन पिढ्या तिच्यात आजची काडतुसं घालत होतो.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आबांची बंदूक खोटी?"

मिस्त्री भले माणूस. म्हणाले, "खोटी नाही पाटील. दोन कुलपं खरी होती, ती झिजली. तिसरं दिखाव्याचं होतं. तुमचे वडील नशीबवान."

दुरुस्तीचा खर्च त्यांनी सांगितला आणि लगेच असंही सांगितलं की पैसे देऊनही मी हिच्यात आजचं काडतूस घालू देणार नाही. परतीच्या प्रवासात काका खिडकीबाहेर बघत होते. मला अपराधी वाटत होतं. मीच हट्ट केला नसता तर आबांची तीन कुलपं तीनच राहिली असती. पण मग त्या दोन लाल ठिपक्यांची जागा आठवली. डोळ्याच्या खाली, अर्ध्या बोटावर.

घरी बरीच चर्चा झाली. चुलतभावाचं म्हणणं, परवाना आहे तर नवी घ्या. १९५९च्या हत्यार कायद्यात वीस इंचांहून लांब, गुळगुळीत नळीच्या बंदुकीला परवाना मिळण्याची तरतूद आहे आणि देशी कारखान्यांच्या दुनळ्याही मिळतात. धाकट्याला दसऱ्याला हवेत बार काढायची हौस. २०१९च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात बार काढणं हा गुन्हा आहे, असं सांगितल्यावर तो गप्प झाला. काकूंचं एकच म्हणणं होतं, की ती घरातून जाऊ दे.

शेवटी काकांनीच ठरवलं. जानेवारीत बंदूक रीतसर जमा केली, परवाना रद्द करायचा अर्ज दिला. जमा करण्याआधी त्यांनी ती ओट्यावर बसून तेल लावून पुसली, उघडली, बंद केली. वरची कळ मध्य ओलांडून चांगली दोन सूत डावीकडे होती. इतकी वर्षं ती आमच्या डोळ्यांसमोर तशीच होती, दर खंडेनवमीला मी स्वतः तिच्यावरचं कुंकू पुसत होतो.

पावती काकांनी आबांच्या फोटोच्या मागे खोचून ठेवली आहे. यंदा पाटावर मधोमध काय ठेवायचं यावर काकूंचं आणि काकांचं अजून एकमत झालेलं नाही. काका ट्रॅक्टरचा पाना म्हणताहेत.